'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन'

प्रश्न असा आहे : शिकवणीतली मुलं 'मी काल पुण्याला गेलो होतो' याचं इंग्रजी 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे' असं करतात. दोन्हीकडे पूर्ण भूतकाळच आहे, मग चुकतं कुठे?

नावाने घोळ केलाय. पाटी एकच लावली, तरी आतली दुकानं वेगळी आहेत. मराठीतला 'होता' बऱ्याचदा एवढंच सांगतो की झालेली गोष्ट आता तशी उरलेली नाही. 'कोण आलंय?' विचारलं तर पाहुणा अजून बाहेरच्या खोलीत बसलेला असतो. 'कोण आलं होतं?' म्हटलं की तो चहा पिऊन गेलासुद्धा. 'पुण्याला गेलो होतो' म्हणजे जाऊन परत आलो. 'तुला फोन केला होता मी' यात तर 'आणि तू उचलला नाहीस' हा रुसवाही मावतो. (इंग्रजीत तो आवाजातून आणावा लागतो.) इंग्रजीत या सगळ्याला साधा भूतकाळ पुरतो : 'आय वेंट टू पुणे येस्टरडे', 'आय कॉल्ड यू'.

इंग्रजी 'हॅड'ला मात्र भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट उरकली. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' : 'व्हेन आय गॉट टू द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' इथला 'हॅड' काढून नुसतं 'लेफ्ट' ठेवलं, तर मी पोचलो आणि गाडी हलली असा अर्थ होतो. धावत जाऊन डबा पकडायची आशा तरी उरते!

म्हणून क्रियापदाची शेपूट बघून काळ ओळखायला लावू नका. 'कशाच्या आधी?' असं विचारायला लावा. उत्तर वाक्यात किंवा मागच्यापुढच्या संदर्भात सापडलं तर 'हॅड', नाहीतर साधा भूतकाळ. वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल तर क्रम आधीच कळतो, मग 'हॅड' गाळला तरी बहुधा चालतं.

'आहे'चंही तसंच. 'मी त्याला काल बाजारात पाहिलंय' हे आपण खुशाल बोलतो, पण 'हॅव सीन'च्या पंगतीला 'येस्टरडे' बसत नाही.

क्रियापदाचं रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन वेगळ्या गोष्टी, हे मुलांना पटत नसेल तर घरचंच उदाहरण द्या. चपला घालताना आपण म्हणतो, 'आलोच!' रूप भूतकाळाचं, आणि माणूस अजून उंबऱ्याबाहेरही पडलेला नाही.