‘छोटा चेतन’ फक्त थ्रीडी चष्म्यामुळे चालला का? आजच्या मुलांना दाखवावा का?

प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना. ‘चष्मा काढला तर त्या पिक्चरमध्ये काही नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून घरात ऐकत आले आहे. ते साफ चूक आहे. मी तो पिक्चर थिएटरात, चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि मला त्यातलं थ्रीडी दिसलंच नाही. तरी तो माझा सगळ्यात आवडता पिक्चर आहे.

१९९८ साली उर्मिला मातोंडकरचे प्रसंग जोडून तो हिंदीत आला, तेव्हाची गोष्ट. आम्ही सोलापूरला होतो, मी तिसरीत. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, आठवीत. त्याने आधीच एकदा पाहिला होता आणि आठवडाभर तेच सांगत होता. आइस्क्रीमचा कोन कसा थेट नाकासमोर येतो, पोरं कशी हात पुढे करतात. शेवटी आई आम्हा पाचही पोरांना घेऊन गेली. दारात चष्मे वाटत होते. तेव्हा डोळे येण्याची साथ होती, म्हणून आईने आत जाऊन बसायच्या आधी पाचही चष्मे पदराने घासून पुसले. (ही भीती जुनीच आहे. १९८४ साली मूळ मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचातन’ लागला तेव्हाही चष्म्यांमुळे डोळ्यांचा रोग पसरतो अशी आवई उठली होती. प्रत्येक खेळानंतर चष्मे निर्जंतुक केले जातात हे सांगायला निर्मात्यांना मल्याळम नट प्रेम नझीर, अमिताभ, रजनीकांत अशा मंडळींना घेऊन वेगळी चित्रफीत करावी लागली.)

चष्मा मोठ्या माणसाच्या मापाचा. माझ्या कानावरून सारखा घसरायचा, म्हणून एका हाताने मी तो धरून बसले होते. चष्म्याशिवाय पडद्यावर सगळं दोन-दोन दिसत होतं, चष्मा लावला की एक. मला वाटलं, हेच ते थ्रीडी. मग आइस्क्रीमचा कोन आला. अख्खं थिएटर ओरडलं. पुढच्या रांगेतले हात वर गेले, शेजारी दादाचा हात गेला, माझ्या धाकट्या भावाने तर तोंड उघडलं. आणि माझ्यासमोर कोन तिथेच, पडद्यावर, सपाट. मी चष्मा नाकावर दाबला, मान वाकडी करून पाहिली. काही नाही. मग मीही हात पुढे केला आणि ओरडले. घरी येताना दादाने विचारलं, ‘आला की नाही कोन अंगावर?’ मी म्हटलं, ‘आला.’

पाचवीत शाळेत डोळे तपासायला आले तेव्हा कळलं, माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून मोठा होता आणि मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं. लेझी आय. उजव्या डोळ्यावर पट्टी लावून मी आठ महिने शाळेत गेले. नजर थोडी सुधारली. पण दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळली की काय पुढे आणि काय मागे ते दिसतं, तसं मला आजही दिसत नाही. हे कळलं त्या दिवशी दादा म्हणाला, ‘म्हणजे तू छोटा चेतन पाहिलाच नाहीस!’

मला तेव्हाही राग आला होता, आताही येतो. मी काय पाहिलं ते सांगते. मांत्रिकाच्या तावडीत अडकलेला चेतन नावाचा एक पोरगा पाहिला, ज्याच्या अंगात सगळी शक्ती आहे पण स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकायची सोय नाही. तीन मुलं त्याला सोडवतात आणि त्याचे मालक न होता मित्र होतात. त्यांच्यातल्या मुलीचे वडील दारूत बुडालेले आहेत. मोठ्यांनी हात टेकलेला हा प्रश्न ही पोरं चेतनला हाताशी धरून सोडवायला निघतात. आठ वर्षांच्या पोरीला हे समजतं. आमच्या वाड्यातच असं एक घर होतं, आणि त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. पिक्चर पाहून आल्यावर कितीतरी दिवस मी तिला डब्यातलं आधी द्यायचे.

आणि जादूच म्हणाल, तर त्यातली सगळ्यात मोठी जादू थ्रीडीची नाहीच. मुलं भिंतीवर चालतात, छतावर चालतात, ते गाणं आठवा. त्यासाठी अख्खी खोलीच फिरणारी बांधली होती. कॅमेरा खोलीला जखडलेला, त्यामुळे खोली फिरली तरी चित्रात ती स्थिरच. मुलं मात्र कायम खालच्या बाजूवर पाय टाकत राहतात, आणि आपल्याला वाटतं ती भिंत चढली. १९८४ साली, कॉम्प्युटरच्या मदतीशिवाय. ही जादू एका डोळ्यालाही पूर्ण दिसते. त्या वेळी मी हात पुढे केला नाही, खुर्चीची कड घट्ट धरली. खरंच पडेन असं वाटत होतं.

नुसत्या चष्म्यावर पिक्चर चालत असता, तर त्यातल्या चार मुलांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार कशाला मिळाला असता? तंत्र दिग्दर्शक जिजो पुन्नूसचं, हिंमत त्याच्या वडिलांची, निर्माते नवोदय अप्पाचन यांची. पण पडद्यावरचा जीव त्या मुलांचा आहे.

गेल्या गणपतीत सगळे जमलो होतो. साध्या टीव्हीवर, चष्म्याशिवाय, मी तो पोरांना दाखवला. माझी लेक सात वर्षांची. शेवटी चेतन वटवाघूळ होऊन उडून जातो तेव्हा ती माझ्या मांडीवर येऊन बसली, बोलली काहीच नाही. दादा मागून म्हणालाच, ‘यात आता काय राहिलंय, कोन तर बाहेर येत नाही.’ मी त्याला विचारलं, त्या मुलीच्या वडिलांचं काय होतं सांग. त्या मुलीला वडील होते हेच त्याला आठवत नव्हतं.

तर हो, दाखवा. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना नको, मांत्रिक खरोखर भीतीदायक आहे. चेतन दारू पितो तो प्रसंग आहे, तेव्हा मुलांजवळ बसा. उर्मिलाचे प्रसंग ठिगळ लावल्यासारखे वाटतात, ते पुढे ढकलले तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. प्रिंटही जुनी आहे, आजच्या कार्टूनसारखी चकचकीत नाही.

आणि कधी थ्रीडी पिक्चरला नेलंत, तर बाहेर आल्यावर मुलाला ‘आलं ना अंगावर?’ असं विचारू नका. त्यावर कुठलंही मूल हो म्हणेल. ‘तुला काय काय दिसलं?’ असं विचारा. सपाटच दिसलं म्हणालं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पट्टीचा उपयोग सात-आठ वर्षांच्या आत सगळ्यात चांगला होतो. मला ते दहाव्या वर्षी कळलं.