कोकण-गोवा पाहिलेल्या माणसानं मॉरिशसला कशाला जावं?

तुम्ही विचारलंय की आईवडिलांना एकदा परदेश दाखवायचा आहे, टूरवाला मॉरिशस सुचवतोय, पण वडील म्हणतात, "समुद्र, नारळ, मासे आपल्या गुहागरला आहेतच. त्यासाठी एवढा खर्च कशाला?"

वडिलांचं म्हणणं मला पटतं. नुसत्या समुद्रासाठी जाणार असाल तर खरंच जाऊ नका. मी रत्नागिरी जिल्ह्यातली आहे आणि मॉरिशसला दोनदा जाऊन आले आहे. पहिल्यांदा पॅकेजवर गेले तेव्हा चार दिवस एका रिसॉर्टच्या कुंपणात काढले. पाणी निळंशार होतं, खोली उत्तम होती, पण तो देश मी पाहिलाच नाही. दुसऱ्यांदा आईला घेऊन गणपतीत गेले, तेव्हा मात्र परत निघताना आमचा पाय निघेना.

माझी आजी साखरेला 'मोरस' म्हणायची. वाण्याच्या यादीतही तिनं तसंच लिहिलेलं असायचं. एके काळी आपल्याकडे मॉरिशसहून पांढरी साखर यायची म्हणून तो शब्द पडला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि ती साखर ज्या उसाची, तो ऊस तोडणाऱ्यांत आपल्याच रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती, हे त्याहून उशिरा. तिथल्या उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे दिसतात. बेट ज्वालामुखीतून झालेलं, जमीन दगडांनी भरलेली. मजुरांनी ते दगड हातांनी वेचून बाजूला रचले, तेव्हा कुठे ऊस लावता आला. गाडीतून जाताना आई त्या ढिगाऱ्यांकडे बघत गप्प बसली होती.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कुणीच नाहीत. १५९८ मध्ये डच उतरले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी तो त्यांच्याकडून हिसकावला. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले. १८३५ मध्ये गुलामी संपली, पण मळ्यांना माणसं हवीच होती. म्हणून आदल्याच वर्षापासून, १८३४ पासून, करारावर हिंदुस्थानी मजूर यायला लागले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. व्यापारासाठी चिनी आणि गुजराती आले. आज तिथे सुमारे साडेबारा लाख लोक राहतात. त्यांत साधारण निम्मे हिंदू, जवळपास तिसरा हिस्सा ख्रिस्ती आणि १७ टक्क्यांच्या आसपास मुसलमान आहेत. रस्त्यावर क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, संसदेचं काम इंग्रजीत, आणि नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीही.

राजधानी पोर्ट लुईला 'आप्रवासी घाट' आहे. बोटीतून उतरलेल्या मजुरांना आधी इथेच आणत. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. बघायला फार काही उरलेलं नाही: काळ्या दगडाच्या भिंती, काही खोल्या आणि बंदराच्या बाजूच्या पायऱ्या. अर्ध्या तासात होण्यासारखी जागा आहे, आम्ही दोन तास होतो. प्रत्येक मजुराची नोंद झालेली आहे: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. पुढे पुढे फोटोसुद्धा काढत. ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. पुष्कळ घराण्यांत कारकुनानं टिपलेलं पूर्वजाचं नुसतं नावच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं.

आता गणपती. तिथे गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती सहसा चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला असते. पश्चिमेकडच्या एका गावात आम्हाला एका मराठी कुटुंबानं आग्रहानं घरी नेलं. घरातल्या आजी नातवंडांशी क्रिओलमध्ये बोलत होत्या आणि आमच्याशी थांबत थांबत, शब्द शोधत मराठीत. आरती सुरू झाली तेव्हा मात्र एक शब्द अडला नाही. संध्याकाळी पोरांनी 'झाकरी' धरली. मध्ये ढोलकी, भोवती गोल फिरणारे नाचे, पायांचा तोच ठेका. आपली जाखडी! आई उठून त्यांच्यात उभी राहिली. शेजारची एक ख्रिस्ती बाई प्रसादाची ताटं भरायला लागली होती, आणि तिला तिथे कुणी पाहुणी समजत नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा की आधी तिथलं सणांचं कॅलेंडर बघा आणि मग तिकीट काढा. चिनी नववर्ष, तमिळांची कावडी, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, दिवाळी, नाताळ या सगळ्यांना सुट्टी असते. महाशिवरात्रीला हजारो लोक कावडी घेऊन चालत 'गंगा तलाव' या डोंगरातल्या तळ्याकडे जातात. आणि ८ सप्टेंबरच्या रात्री माणसं चालत पोर्ट लुईजवळच्या सेंत-क्रुआला फादर लावाल यांच्या समाधीवर जातात. मुक्त झालेल्या गुलामांमध्ये आयुष्य काढलेला हा फ्रेंच धर्मगुरू १८६४ मध्ये वारला. त्या वाटेवर हिंदू आणि मुसलमानही चालताना दिसतात. काही वर्षी गणपती आणि ही यात्रा एकाच आठवड्यात येतात. तसं जमलं तर सोडू नका.

खाण्याचं वडिलांना आवर्जून सांगा. दालपुरी म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. गाडीवर ती जोडीनंच देतात, आत घेवड्याची उसळ, रुगाय नावाचा टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून, कागदात गुंडाळून. मूळ बिहारी मजुरांची, पण आज चिनी खातो, आफ्रिकी वंशाचा क्रिओल खातो, सगळे एकाच रांगेत उभे राहून खातात. डाळीचे तिखट वडे असतात, त्यांना 'गातो पिमाँ' म्हणतात. ते पावात घालून सकाळी खातात. पोर्ट लुईच्या बाजारात 'आलुदा' प्या, आपल्या फालुद्याचाच भाऊ. शाकाहारी माणसाचे तिथे मुळीच हाल होत नाहीत.

ल मोर्न हा डोंगर मात्र वेगळ्या मनानं बघा. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहत. गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. हॉटेलात रंगीत घागऱ्यांचा जो सेगा नाच दाखवतात, तो याच माणसांच्या दुःखातून आला आहे. शक्य असेल तर खरा सेगा ऐका: बकऱ्याच्या कातड्याचा रावान नावाचा डफ विस्तवावर तापवून वाजवतात तो.

सगळे तिथे गोडीगुलाबीनं नांदतात असं मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देशभर दंगली पेटल्या. निवडणुकीत जातीपातीची गणितं तिथेही मांडतात. पण २०२० मध्ये जहाज खडकावर चढून तेल सांडलं, तेव्हा त्याच लोकांनी एकत्र बसून उसाच्या पाचटाचे बांध शिवले आणि समुद्रात सोडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही माहीत असलेल्या माणसाला तो देश जास्त जवळचा वाटतो.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम एकदा तपासा. मुंबईहून थेट विमानानं साधारण सहा तास लागतात. ऋतू उलटे आहेत: मे ते ऑक्टोबर थंड आणि कोरडा काळ, जानेवारी ते मार्च वादळांची भीती. म्हणजे गणपतीत हवा उत्तम, महाशिवरात्रीला उकाडा आणि पाऊस. रिसॉर्ट घ्यायचाच तर शेवटचे दोन दिवस घ्या, आधी एखाद्या गावात साध्या गेस्टहाऊसमध्ये राहा. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे आणि बसनं सगळीकडे जाता येतं. आईवडिलांना चालण्याचा त्रास असेल तर पोर्ट लुई सकाळी लवकर करा, दुपारी तिथे ऊन फार लागतं.

आणि निघण्यापूर्वी गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, आपल्या घरातलं कुणी बोटीनं 'मोरसला' गेल्याचं त्यांनी ऐकलंय का. नाव आणि गाव मिळालं, तर मोका इथल्या त्या दप्तरांत चौकशी करण्यासाठी एक दिवस जास्तीचा ठेवा.