पॉड वाढवावेत की पॉडची क्षमता?

प्रश्न : आमची वेब सेवा कुबरनेटीसवर (कंटेनरमधील प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली) चार पॉडमध्ये, म्हणजे सेवेच्या चार प्रतींमध्ये, चालते. वापर वाढला की प्रतिसाद मंदावतो. अशा वेळी प्रत्येक पॉडला अधिक सीपीयू व मेमरी द्यावी की पॉडची संख्या वाढवावी, यावर आमच्यात एकमत होत नाही. पॉडची संख्या आपोआप बदलणारा हॉरिझॉन्टल आणि पॉडची क्षमता बदलणारा व्हर्टिकल असे दोन्ही ऑटोस्केलर एकत्र चालवावेत का?

उत्तर : आपल्यातील मतभेद वाटतो तितका मोठा नाही, कारण पॉड किती हवेत याचा हिशेब पॉडला नेमून दिलेल्या क्षमतेवरूनच होतो. हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर एरवी दर 15 सेकंदांनी सीपीयूचा वापर तपासतो आणि त्याची टक्केवारी काढताना पॉडच्या ‘रिक्वेस्ट’मधील (पॉडसाठी राखून मागितलेल्या क्षमतेचा) आकडा 100 टक्के धरतो. समजा, रिक्वेस्ट 500 मिलिकोर (1000 मिलिकोर म्हणजे सीपीयूचा एक कोर) आहे, लक्ष्य 60 टक्के आहे आणि प्रत्येक पॉड सरासरी 450 मिलिकोर वापरत आहे. हा वापर 90 टक्के भरतो. चाराला 90 ने गुणून 60 ने भागले की सहा पॉड हवेत असे उत्तर येते. भार तोच ठेवून रिक्वेस्ट तेवढी 1000 मिलिकोर केली, तर तोच वापर 45 टक्के ठरतो आणि ऑटोस्केलर पॉड तीनवर आणू पाहतो. रिक्वेस्ट लिहिलेलीच नसेल, तर ही टक्केवारी निघतच नाही.

दोन्ही ऑटोस्केलर एकाच सीपीयू-मेमरीच्या मापावर चालवू नयेत, ते याच कारणाने : व्हर्टिकल ऑटोस्केलर रिक्वेस्ट बदलत राहतो आणि हॉरिझॉन्टलच्या हिशेबातला भाजकच सरकत राहतो. माझ्या मते व्हर्टिकल ऑटोस्केलर काही आठवडे ‘ऑफ’ पद्धतीत ठेवावा, म्हणजे तो बदल न करता केवळ शिफारशी देईल. त्या पाहून रिक्वेस्ट स्वतः ठरवावी आणि रोजचे चढउतार पॉडच्या संख्येवर सोपवावेत. दोन्ही आपोआपच हवे असतील, तर संख्येसाठी प्रति सेकंद विनंत्या किंवा रांगेची लांबी असे वेगळे माप घ्यावे.

मेमरीची गोष्ट निराळी आहे. सीपीयूची ठरवून दिलेली मर्यादा (‘लिमिट’) गाठली की पॉडमधील कंटेनर मंदावतो, मेमरीची ओलांडली की तो मारला जातो. प्रत्येक पॉड सुरू होतानाच मोठी माहिती मेमरीत घेत असेल, तर पॉड वाढवून ती गरज विभागली जात नाही. तेथे पॉडच मोठा करावा लागतो, अर्थात नोडमध्ये, म्हणजे पॉड चालवणाऱ्या यंत्रात, मावेल इतकाच. पूर्वी त्यासाठी पॉड नव्याने सुरू करावा लागे. 2025 मधील कुबरनेटीसच्या 1.33 आवृत्तीपासून चालू पॉडची क्षमता जागच्या जागी बदलण्याची सोय बीटा स्वरूपात आली, तरी जावाच्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ठरवलेली हीपची (प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

मात्र त्याआधी डेटाबेसकडे पाहावे. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ मांडणीत 100 जोडण्या स्वीकारतो. प्रत्येक पॉड 10 जोडण्यांचा संच उघडत असेल, तर दहाव्या पॉडपर्यंतच ती मर्यादा संपते आणि पुढचे पॉड केवळ चुका नोंदवत बसतात. प्रतिसाद मंदावलेला असताना पॉडचा सीपीयू वापर कमीच दिसत असेल, सीपीयूची लिमिटही आड येत नसेल, तर पॉड बहुधा डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत आहेत, आणि तेव्हा आपण विचारलेले दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतील.