विंडो बंद केली तरी पायथन वजनकाट्याचा पोर्ट का सोडत नाही?

तुम्ही लिहिलंय की काट्यावरून वजन घेणारा पायथन प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की 'कॉम ३'वर, म्हणजे काटा जोडलेल्या पोर्टवर, 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं, आणि मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय सुटका नाही. केबल बदलू नका, ड्रायव्हरच्या मागेही लागू नका. बहुतेक वेळा विंडो गेलेली असते, प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, तिथंच असते आणि पोर्ट धरून बसते.

सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी असाच प्रोग्राम लिहिला होता. हळदीची पोती काट्यावर, हमाल खोळंबलेले आणि दिवाणजी रीस्टार्ट मारून स्क्रीनकडे बघत बसलेले. चूक माझीच होती.

आधी खात्री करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'कमांड लाइन'वर टिक करा. कुठला पायथन कुठली फाइल चालवतोय ते लगेच दिसेल. व्हेनव्ह (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) वापरत असाल तर एकाच प्रोग्रामच्या दोन ओळी दिसतील. त्यात बिघाड काही नाही. विंडोजवर व्हेनव्हमधला पायथन मूळ पायथनला चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू करतो.

म्हणून मारायचं ते पोराबाळांसकट. वरच्या, म्हणजे पॅरेंट प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४८१२ असेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'टास्ककिल /पीआयडी ४८१२ /टी /एफ' (अर्थात इंग्रजी अक्षरांत). प्रोसेस मेली की विंडोज पोर्ट आपोआप मोकळा करतं. नावावरून सगळे पायथन मात्र उडवू नका. मी एकदा घाईत उडवले, तर मागे चाललेला बिलांचा बॅकअपही गेला आणि मालकांनी दिवसभर ऐकवलं.

हा झाला तात्पुरता इलाज. मूळ दुखणं थ्रेडचं. काटा वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) असतो आणि तो डेमन, म्हणजे प्रोग्रामबरोबर आपोआप बंद होणारा, नसेल, तर विंडो बंद झाली तरी पायथन तो संपायची वाट बघत थांबतो. त्यात पायसीरियलला (पोर्ट वाचायची पायथनची लायब्ररी) टाइमआउट दिला नसेल तर काट्याकडून काही येईपर्यंत रीड अडकूनच राहतं. टाइमआउट १ सेकंद ठेवा, लूपमध्ये थ्रेडिंगचा इव्हेंट (थांबायची खूण) तपासा, आणि विंडो बंद होताना तो सेट करून थ्रेड जॉइन करा, म्हणजे तो संपेपर्यंत थांबा, मग पोर्ट क्लोज. नुसतं 'डेमन=ट्रू' केलं तरी भागतं, पण मग वजन अर्धवट लिहिलेलं असताना थ्रेड तुटू शकतो. हिशोबाच्या कामात मला ते पटत नाही.

पायथनडब्ल्यूने (काळ्या विंडोशिवाय चालणारा पायथन) चालवत असाल तर एरर कुठेच दिसत नाही. लॉगिंग फाइलमध्ये घ्या. कुठल्या ओळीवर अडकलंय ते कळत नसेल तर 'पाय-स्पाय' या टूलच्या 'डंप' कमांडला पीआयडी द्या, चालू प्रोसेसचा स्टॅक, म्हणजे ती कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची यादी, समोर येतो.

आणि काळ्या विंडोत प्रोग्राम मधेच गोठत असेल तर विंडोच्या नावात 'सिलेक्ट' आलंय का बघा. क्विक एडिट (माउसने मजकूर निवडायची सोय) चालू असताना आत नुसतं क्लिक झालं तरी आउटपुट थांबतं आणि पुढच्या प्रिंटला प्रोग्राम अडकतो. एंटर दाबा, पुढं सरकेल. आमचे दिवाणजी माउसवर हात ठेवूनच चहा प्यायचे.