बट्टा, बोरघाट आणि धूळपाटी
(वाचकांचे प्रश्न)

एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या दैनंदिन व्यवहारांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमच्या घराण्यातील 1830 च्या सुमाराच्या मोडी वहीत 'अंकुशी रुपये, वजा बट्टा' अशा नोंदी वारंवार येतात. रुपयाच्या बदल्यात रुपया घेताना तोटा कसा होत असे? तसेच '३॥।=' अशी एक खूण दिसते, ती कशी वाचावी?

उत्तर : आपल्याला रुपया म्हटला की एकच नाणे आठवते, परंतु 1818 साली पेशवाई संपली तेव्हा पुण्याच्या बाजारात नाना टांकसाळींचे रुपये एकत्र फिरत होते. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती, अशी त्यांची कुळे होती आणि प्रत्येकातील चांदीचा कस व वजन यांत फरक असे. शिवाय नाणे वर्षानुवर्षे हातोहात फिरून झिजे, आणि कडा कातरून चांदी काढून घेणारेही कमी नव्हते. त्यामुळे सराफ नाणे दगडावर वाजवून, कड न्याहाळून आणि तराजूत घालून पाही. मग त्या दिवशी ज्या नाण्याला मान असेल त्याच्या तुलनेत हे किती उणे भरते ते ठरवून तेवढी रक्कम कापून घेई. हीच कपात म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो याच व्यवहारातून, आणि 'खणखणीत' हे विशेषणही आपण माणसांना लावतो ते सराफाच्या दगडावरून उचलूनच.

सर्वांत जास्त मार बसे तो शेतकऱ्याला. धान्य विकताना व्यापारी जे नाणे देई तेच सारा, म्हणजे शेतजमिनीवरचा सरकारी कर, भरताना सरकारी कचेरीत चालेल असे नव्हते, आणि मधल्या अदलाबदलीत सराफाचा हात पडत असेच. आपल्या वहीतील बट्ट्याच्या नोंदी ओळीने जुळवून पाहाव्यात. त्या साऱ्याच्या हप्त्यांच्या आसपास दाटलेल्या आढळल्या तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन 180 ग्रेन होते आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. हे वजन बरोबर एक तोळा असल्याने पुढे रुपया तराजूत वजन म्हणूनही घातला जाऊ लागला. अर्थात कायदा झाला म्हणून जुनी नाणी दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली नाहीत, तेव्हा त्यानंतरच्या पानांवरही बट्टा भेटला तर गोंधळून जाऊ नये.

आता खूण. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीन उभ्या रेघांचे बारा आणे आणि दोन आडव्यांचे दोन, म्हणून '३॥।=' ही रक्कम तीन रुपये चौदा आणे होते.

प्रश्न : जुन्या खंडपत्रात (जमीन खंडाने दिल्याच्या कागदात) 'जोंधळे दोन पायल्या' असे आहे. त्याचे किलो किती?

उत्तर : एकच आकडा सांगता येणार नाही. पायली हे मापाचे, म्हणजे धान्य किती जागा व्यापते याचे, परिमाण आहे, वजनाचे नव्हे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हा हिशेब मापाचा. चाळीस शेरांचा मण हा वजनाचा. दोन्हीकडे शेर आणि मण हेच शब्द असल्याने चांगले जाणकारही येथे फसतात.

प्रश्न : आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला सामान्य माणूस कसा येत असे?

उत्तर : आधी पाण्याने आणि मग घाटाने. मुंबई बंदरातून मचव्याने पनवेल गाठायचे, आणि खाडीत शिरणे भरतीवर अवलंबून असल्याने प्रवासाची वेळ माणूस नव्हे तर समुद्र ठरवी. पनवेलहून चौक, खोपोली आणि मग बोरघाट. ऐपतदार मेण्यात किंवा पालखीत बसत, कोणी तट्टू करी, आणि बाकीचे पायी. 1830 साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता खुला झाला. त्याचा लाभ प्रवाशांपेक्षा मालाला अधिक झाला असे माझे मत आहे, कारण तोवर कोकणातले मीठ बहुतांशी बैलांच्या पाठीवरून वर येई. गाडी चालू लागताच एका जोडीने कितीतरी बैलांचे ओझे ओढता येऊ लागले आणि बैलांवर माल वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांच्या धंद्याला तेथूनच ओहोटी लागली.

आगगाडी 1853 साली मुंबई ते ठाणे अशी सुरू झाली हे सर्वांना ठाऊक असते. पुण्याच्या दृष्टीने गमतीचा काळ त्यानंतरचा आहे. 1856 मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचली आणि 1858 मध्ये घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. म्हणजे सुमारे पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरे, गाठोडी हमालाच्या डोक्यावर देई, पालखीने, तट्टाने किंवा पायी घाट चढे आणि वर दुसऱ्या गाडीत बसे. आगगाडीच्या प्रवासात पालखी हा एक टप्पा असावा, हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे.

घाटातील लोहमार्ग एप्रिल 1863 मध्ये खुला झाला. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट इतका चढ. 1861 मध्ये तेथे बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती आणि पटकीने व अपघातांनी त्यांपैकी असंख्य दगावली. मूळ ठेकेदाराने काम सोडल्यावर आलेले सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे पोहोचताच वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका आपल्याकडे घेऊन काम पुढे नेले. पावसाळ्यात डब्यातून धबधबे पाहताना हिशेबाची ही बाजूही ठाऊक असावी.

प्रश्न : आजोबा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढे) घडाघडा म्हणत. मुलांवर एवढ्या पाठांतराचा भार का घालत असत? आणि असे पाठांतर करून घेणाऱ्या त्या जुन्या शाळांत कोण जाई?

उत्तर : पहिल्या प्रश्नातील वहीकडे पुन्हा पाहा. रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा, पायली चार शेरांची. सारा बाजार पाव, अर्धा आणि पाऊण यांत बोले. समजा, अडीच आणे पायलीने सतरा पायल्या घ्यायच्या आहेत. अडीचकी येणारा मुलगा 'सतरा अडीच साडेबेचाळीस' म्हणून मोकळा होई आणि तेवढ्या आण्यांचे दोन रुपये साडेदहा आणे सांगे. पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवी, संध्याकाळी मोठ्याने उजळणी म्हणे आणि पुढे मोडी वळणावर हात बसवी. वाणी, कुलकर्णी आणि कारकून घडवायला एवढे पुरे होते, आणि त्या बेताने ही शाळा मला आजच्या टीकाकारांना वाटते तितकी टाकाऊ वाटत नाही.

तिचा खरा दोष दार कोणाला उघडे होते यात आहे. शूद्र आणि अतिशूद्र मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे क्वचितच थारा मिळे आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. सरकारनेही आरंभी जुनेच वळण गिरवले. 1821 साली पुण्यात विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली ती संस्कृताची, आणि तिचा लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता होता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंना शाळेत जाता-येता शेणमाती झेलावी लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, 16 नोव्हेंबर 1852 रोजी, जोतीरावांना सरकारतर्फे शालजोडी देऊन सन्मानित करण्यात आले, आणि तो समारंभ झाला तो याच विश्रामबागवाड्यात.