आईबाबांना सिंगापूरला नेताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, सोबतची एक्सेलची फाइलही उघडून पाहिली. पाच दिवसांत सेंटोसा बेट, युनिव्हर्सल स्टुडिओजचं थीम पार्क, प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, मरिना बे आणि जमलंच तर एक दिवस पलीकडे मलेशियात जोहोर बारू. सगळं तासातासाने आखलंयस. फक्त त्यात आईबाबा स्वतः कुठे काय ठरवणार आहेत, ते मला कुठल्याच रकान्यात सापडलं नाही.

माझी नोकरी टूर लीडरची, अर्धं आयुष्य विमानतळांवर गेलंय, म्हणून सांगते. पहिल्यांदा परदेशी आलेली वडीलधारी माणसं दमतात हे खरं, पण ती गप्प होतात ती दमल्यामुळे नव्हे. आयुष्यभर कचेरी सांभाळलेला माणूस आणि जिच्या शब्दाशिवाय घरात कोथिंबिरीची जुडी येत नाही अशी बाई, दोघंही विमानातून उतरल्यापासून लेकीच्या तोंडाकडे बघत बसतात. पाणी कुठलं प्यायचं, बाथरूम कुठे, इथे बसलं तर चालेल का, सगळं विचारून. हे विचारणं जेवढं कमी होईल, तेवढी तुझी सहल चांगली झाली असं मी म्हणेन. दोन ठिकाणं बघायची राहिली तर राहू देत.

आता कामाचं. पासपोर्टसाठी आईची कागदपत्रं आधी मांडून बस. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं असलं की बँकेच्या पासबुकावर तिसरंच. हा गुंता अर्ज भरण्याआधी सोडवायचा, नंतर नाही. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट असते, तत्काळला नाही. दहावी झालेली नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याचा, शिक्का पडेल, ही आईची भीती काढून टाक. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ती अट लागत नाही. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं अरायव्हल कार्ड मात्र तिथल्या इमिग्रेशनच्या साइटवर फुकट भरता येतं. तशाच दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, तिकडे फिरकू नकोस.

बॅग भरायला आईजवळ तू स्वतः बस. ती प्रेमाने काय काय भरेल सांगू? अनारसे. त्यावर खसखस असते, आणि सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबईलाही तेच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून. लोणचं हातातल्या बॅगेत नको, खाली टाकायच्या सामानात जाऊ दे. बाबांची तंबाखूची चंची, आणि आई मशेरी लावत असेल तर ती डबीसुद्धा, घरीच ठेवायची. तिथे चघळायच्या तंबाखूवर सरसकट बंदी आहे आणि सिगारेटचं एक पाकीटही जाहीर करून कर भरावा लागतो. हे बाबांना विमानतळावर नाही, महिनाभर आधी सांग. सवय सुटली नाही तरी मनाची तयारी होते. मेतकूट, दशम्या, चिवडा खुशाल घ्या.

औषधं मात्र हातातल्याच बॅगेत. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनची खोकल्याची औषधं न्यायला आधी परवानगी लागते, ते तपासून घे. इन्शुलिन असेल तर ते खालच्या सामानात टाकायचंच नाही, गोठून वाया जाईल. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या ते डॉक्टरांना विचार आणि मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्याच खिशात ठेव, तुझ्या मोबाइलमध्ये नको. विमा काढताना बीपी-शुगर लपवली तर हप्ता थोडा वाचेल आणि ऐन वेळी दावा फेटाळला जाईल.

आता व्हीलचेअर. बाबांचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलंयस, तेव्हा मागवायचीच. तिकिटाबरोबर, नाहीतर निदान ४८ तास आधी सांगून ठेव. ते म्हणतील, "मी काय पांगळा झालोय?" हा वाद घरी तू घालू नकोस. त्यांच्या वयाच्या आणि परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या मित्राशी फोन जोडून दे. मुलीने सांगितलं की म्हातारपण दिसतं, मित्राने सांगितलं की युक्ती वाटते. (धडधाकट माणसांनी रांग चुकवायला व्हीलचेअर मागवायची जी टूम निघालीय, तिचा मला भयंकर राग आहे. पण तुमची गोष्ट वेगळी.)

विमानातल्या जेवणाबद्दल एक खबरदारी घे. बुकिंग करताना यादीत 'हिंदू मील' दिसेल आणि आपलंच आहे म्हणून तू ते निवडशील. ते मांसाहारी असतं, फक्त गोमांस नसतं. आईसाठी 'एशियन व्हेजिटेरियन' निवडायचं.

मुंबईहून जाणारी बरीच विमानं रात्रीची आहेत. सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरायचं आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधल्या वेळात 'थोडं फिरून घेऊ' असं तरुण पोरं करतात. रात्रभर जागलेली, पाय सुजलेली माणसं लॉबीतल्या सोफ्यावर बसून पेंगताना मी इतकी पाहिलीत की याबाबतीत मी हट्टी झालेय. खोली आदल्या रात्रीपासून बुक कर. एका रात्रीचं भाडं जास्त जाईल. त्यासाठी युनिव्हर्सलची तिकिटं रद्द कर, बाबा तुला दुवा देतील. खोली घेताना बाथटब नको, सरळ उभं राहून अंघोळ करता येईल असा शॉवर हवा, हे कळवून ठेव. टबच्या कठड्यावरून ओला पाय टाकणं हा या सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. पोहोचल्यावर नळ, गीझर, दिव्यांसाठी खाचेत घालायचं कार्ड, हे सगळं त्यांच्या हातून एकदा करवून घे. तू करून दाखवू नकोस.

पैशांचं सांगते. बाबा दर वस्तूला "म्हणजे आपले किती झाले?" विचारणार. तू टाळशील, किंवा कमी करून सांगशील. दोन्ही करू नकोस. निघायच्या आधी एके दिवशी शांतपणे सगळ्या सहलीचा आकडा खराखुरा सांग. त्यांना धक्का बसेल, दोन दिवस धुसफुसतील, कदाचित "रद्द कर" म्हणतील. मग त्यांचे तेच हिशेब करतील आणि विषय संपेल. लपवलेला आकडा मात्र प्रत्येक चहाबरोबर वर येतो. आणि तिथे पोहोचल्यावर दोघांना वेगवेगळे सिंगापुरी डॉलर दे, दोन, पाच, दहाच्या नोटा, हिशेब न मागता. आईला तिचे वेगळे, बाबांकडून मागायला लागू नयेत असे. मेट्रोचं कार्डही प्रत्येकाचं वेगळंच लागतं, ते ज्याच्या त्याच्या हातात राहू दे.

मग एका सकाळी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला, म्हणजे तिथल्या मंडई आणि खाण्याच्या गाळ्यांपाशी, जा आणि चहा आणायला बाबांना पाठव. नुसतं 'तेह' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोडमिट्ट चहा येतो. 'तेह सी कोसोंग' म्हटलं तर दूध असतं, साखर नसते. आल्याचा हवा तर 'तेह हालिया', पण तोही एरवी गोडच येतो. शुगरवाल्या माणसाला एवढे शब्द पुरतात. तू टेबलापाशी बसून राहा. ते चुकीचा चहा आणतील, सुट्ट्या पैशांत गोंधळतील, मागचा माणूस क्षणभर थांबेल. उठायचं नाही. पिऊन झालं की ट्रे उचलून ठरलेल्या जागी ठेवायचा, तिथे तो नियमच आहे. टेबल तसंच टाकून गेल्याबद्दल दंड होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी बाबा तुला न विचारता चहा आणायला उठले, तर मला कळव.

तिथून जवळच सेरंगून रोडवर वीरमाकाळीअम्मनचं देऊळ आहे आणि दाक्षिणात्य शाकाहारी जेवणही त्याच भागात मिळतं. इतर ठिकाणी नुसत्या भाजीतही कोळंबीची पेस्ट असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय आईच्या ताटात काही वाढू नकोस. तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये एकादशी आणि संकष्टी बघून घे. संकष्टी आलीच तर चंद्रोदय सिंगापूरचा धरायचा. पंचांगातली मुंबईची वेळ तिथे चालणार नाही, आणि ढग असले तर घड्याळ बघून उपवास सोडायचा का, हे आईनेच आधी ठरवलेलं बरं.

पाहायचं काय? जोहोर बारू काढून टाक, सीमेवरच्या रांगेत उभं राहायला आईबाबा आलेले नाहीत. प्राणिसंग्रहालय किंवा नाइट सफारी, दोन्हींपैकी एकच. नाइट सफारीला ट्राम आहे, पाय वाचतात. बोटॅनिक गार्डन्स तुझ्या यादीत नाही याचं मला नवल वाटलं. २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली बाग, प्रवेश फुकट, पहाटे पाचला उघडते. आईबाबा उठणार पाचलाच, पण तिथे उजाडतं सातच्या सुमाराला, तेव्हा साडेसातला जा. फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे, ज्येष्ठांना सवलत. आईला तिथे एकटीला सोड. ती प्रत्येक झाडापाशी थांबेल, फांदी कशी लागते ते बघेल. तुझ्या फाइलमध्ये त्याला पाऊण तास असेल, तिला तीन तास दे. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे मधला सुपरट्रीचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांवरचा, दिव्यांचा खेळ बघा, पावणेआठला, तोही फुकट. बाबांना हे ऐकून दुप्पट आवडेल.

दोघांच्याही खिशात हॉटेलचा पत्ता आणि तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे, आणि त्यांच्या फोनवर वेगळं रोमिंग. एका दुपारी तू खोलीत झोप आणि त्यांना खाली फेरी मारून येऊ दे. तुला झोप लागणार नाही, तरी उठू नकोस.

पासपोर्ट हातात आले की दोघांच्या पहिल्या पानाचे फोटो मला पाठव. नावांची स्पेलिंगं मी एकदा नजरेखालून घालते, मगच तिकिटं काढ.

तुझी,
मावशी