चार डिस्कपैकी एक बंद पडली तर?

प्रश्न : सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो-व्हिडिओ ठेवण्यासाठी ४ टेराबाइटच्या चार डिस्क बसवलेली पेटी घेतली असून ती 'रेड ५' (अनेक डिस्क एकत्र जोडून, एक बंद पडली तरी माहिती टिकवण्याच्या) पद्धतीने लावून मिळाली आहे. जागा मात्र १६ ऐवजी १२ टेराबाइटच दिसते. उरलेली जागा कुठे जाते? विक्रेता म्हणतो, आता वेगळ्या बॅकअपची गरज नाही. हे खरे मानावे का?

उत्तर : ती जागा पॅरिटीसाठी, म्हणजे ताळ्याच्या अंकांसाठी राखून ठेवलेली असते. समजा, तीन डिस्कवर एकाच ठिकाणी १, ०, १ असे अंक आहेत. एकूण एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहिला जातो. आता तिसरी डिस्क बंद पडली, तर १, ० आणि ताळ्याचा ० एवढेच उरतात. एकांची संख्या विषम भरते, त्यावरून हरवलेला अंक १ होता हे कळते. हाच हिशेब अब्जावधी वेळा करून नव्या डिस्कवर सारा मजकूर पुन्हा उभा केला जातो. ताळ्याचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर आळीपाळीने पसरलेले असतात. स्वस्त डिस्कचा संच करून असे संरक्षण मिळवण्याच्या पद्धतींची मांडणी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये केली.

धोक्याचा काळ असतो तो डिस्क बदलल्यानंतरचा. उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला तरी त्याला सात तासांहून अधिक वेळ जातो, आणि स्टुडिओचे काम चालू असेल तर त्याहूनही जास्त. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असल्याने त्यांची झीजही बरोबरीने झालेली असते. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर 'रेड ५' हतबल होते. 'रेड ६' मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालते, पण तुम्हाला ८ टेराबाइटच जागा उरेल. व्यवसायाच्या फोटोंसाठी मी तरी तेच निवडेन.

विक्रेत्याचे म्हणणे मात्र साफ चुकीचे आहे. चुकून पुसलेला फोल्डर चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर पेटी त्या कुलूपबंद फाइलीच इमानाने जपते. शिवाय २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला पाण्याविषयी वेगळे सांगायला नकोच. प्रत्येक कामाची एक प्रत सुट्या डिस्कवर घेऊन ती स्टुडिओबाहेर, उंचावर ठेवा. पेटीच्या सेटिंगमध्ये बिघाडाची सूचना ईमेलने येण्याची सोय असेल, तर ती आजच चालू करा. एक डिस्क गेली तरी फोटो नेहमीसारखेच उघडत राहतात, त्यामुळे बिघाड महिनोन्महिने लक्षातही येत नाही.